आता मास्तरांची चाल

मी नर्स आहे. अठरा वर्षं वॉर्डात काढलीत. मेलेली माणसं पाहिली त्याची मोजदाद नाही, पण भूत म्हणाल तर एकही पाहिलं नव्हतं. हसायचं तर आताच हसून घ्या. यातलं शेवटचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधीचं माझ्या चुलतबहिणीनं सांगितलंय, आणि ती बाई साधी थाप मारायची म्हटली तरी तिची बोबडी वळते.

रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती.

शनिवार. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन. तिसऱ्या मजल्यावरचं घर आणि त्या घरातली मागची खोली.

ही चुलतबहीण, माझी ताई, दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टर माप पाठवतात, ही कवळ्या आणि नकली दात करते, बारीक ब्रशनं त्यांना खऱ्या दाताचा रंग चढवते. हात असा की, ब्रशला तीन केस असले तरी तिला पुरतात. तिचे बाबा म्हणजे माझे काका. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. काकू गेल्यावर घरात हे दोघंच उरले. काका दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा मास्तरांनी त्यांना या नादाला लावलं.

मास्तर म्हणजे काकांचे जिवलग दोस्त. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

आणि नाद कसला, तर बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या सैनिकांचा! अंतराळातले सैनिक. चिलखतं, बंदुका, लोखंडी हात. सुटे भाग आणायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर लढाई मांडायची. कोण किती इंच पुढे जाणार ते टेपनं मोजायचं. कोण मेला, कोण वाचला ते फाशांवर ठरवायचं. साठी उलटलेले दोन म्हातारे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं.

"हस, हस," काका म्हणाले, "तुझ्या त्या मालिकांपेक्षा बरं आहे."

काकांची माणसांची पलटण, मास्तरांची परग्रहावरच्या किड्यांची. दोन्ही ताईनं रंगवलेल्या. काकांच्या सेनापतीला तिनं काकांचाच चेहरा दिला होता. वाटाण्याएवढं डोकं, पण त्यावर पांढऱ्या मिशा, भुवयांमधली आठी, सगळं. मास्तर बघून म्हणाले होते, "वा! आता याला मारताना जास्त मजा येईल."

दर शनिवारी चारला दोघं खेळायला बसायचे, पण डाव एका दिवसात संपायचा नाही. महिना महिना चालायचा. अर्धा राहिला की टेबल आहे तसं ठेवायचं आणि वर चादर टाकायची. नियम मात्र कडक. दुसऱ्याच्या उभ्या सैनिकाला हात लावायचा नाही. डाव चालू असताना टेबलावरचं काही बदलायचं नाही. आणि काका तर असे हट्टी की बारा वर्षांत त्यांनी एकही डाव सोडला नव्हता. हार समोर दिसत असली तरी शेवटचा सैनिक पडेपर्यंत खेळणार.

मास्तर एका बुधवारी गेले. झोपेतच.

डाव अर्ध्यावर होता. काकांचे अकरा सैनिक उरले होते, आणि पुढची चाल मास्तरांची होती.

ताईला वाटलं, बाबा आता टेबल आवरतील. पण शनिवारी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चारच्या ठोक्याला मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

तेवढ्यात आवाज आला…

खुळुक… खुळुक… खण्ण.

मास्तर फासे हातातून टाकायचे नाहीत. बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं, त्यात टाकायचे. तोच आवाज. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारे बाबा, दोघांच्या चाली एकटेच खेळताहेत, असं तिला वाटलं.

तासाभरानं काका बाहेर आले. चेहरा खुललेला. "तीन पाडले त्यानं माझे! मग मी खेळलो माझी चाल. सोडतो की काय!"

संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढताना त्यांना धाप लागली. आधी कधी लागली नव्हती.

पुढच्या शनिवारी ताईनं त्यांना आमच्या हॉस्पिटलात तपासायला आणलं. साडेतीनची वेळ मीच घेतली होती. निघताना तिनं मागच्या खोलीला कुलूप घातलं. चावी पर्समध्ये. काका सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"तो बसला असेल येऊन," ते पुटपुटले.

"कोण, काका?"

ते पुन्हा घड्याळाकडे बघू लागले.

चार वाजले. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला होता. एकशेतीसवर असलेला आकडा… माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. नव्वद. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. तेही तेच सांगत होतं. काका घामानं निथळत होते. दहा मिनिटांत आपोआप सगळं ठीक झालं. ईसीजी स्वच्छ, रक्त स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, दुसरं काही नाही.

ती दोघं सहाला घरी पोहोचली. कुलूप जसंच्या तसं. ताईनं उघडलं.

चादर टेबलावर नव्हती.

ती खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली होती. किडे पुढे सरकले होते… आणि काकांचे चार सैनिक आडवे. नुसते पडलेले नाहीत. ओळीनं झोपवलेले, चौघांची डोकी खिडकीकडे. मेलेला सैनिक असा झोपवायची सवय फक्त मास्तरांना होती.

ताईनं टेप काढला. टेबलावर किडे आधी कुठे उभे होते, त्या जागा धुळीत दिसत होत्या. तिथून मोजलं. सहा इंच. दुसरा… सहा इंच. तिसराही सहा. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही.

तिनं मला फोन केला. मी म्हटलं, उंदीर असेल.

"उंदीर टेप लावून चालतो का गं?" ताई रडत होती. "कुलपाची चावी माझ्याकडे होती!"

त्या रात्री ती काकांच्या पाया पडली. "बाबा, टेबल आवरू या. माझ्यासाठी."

"मेलेल्या माणसाशी चीटिंग करू?" काका म्हणाले. "अगं, बारा वर्षं खेळतोय तो माझ्याशी. आणि इतक्या दिवसांनी घरात कोणीतरी आलंय."

काकूंनंतर ते एवढे आनंदी कधी दिसले नव्हते. आणि एवढे खंगलेलेही.

तिसऱ्या शनिवारी ताई दाराबाहेर उभी राहिली. फटीतून आत बघत होती. काका त्यांच्या खुर्चीत. दोन्ही हात मांडीवर. समोरची खुर्ची रिकामी.

सर्रर्र… टक.

टेपची पट्टी आत ओढली गेली की होतो, तो आवाज. काकांचे हात मांडीवरच होते.

सर्रर्र… टक.

मग खुळुक… खुळुक… खण्ण.

काका हसले. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "नशीबवान आहेस लेका." आणि पुढच्या क्षणी खुर्चीतून खाली कोसळले.

ताईनं त्यांना उचलून बसवलं, पाणी पाजलं. शुद्ध आली. मग तिनं टेबलाकडे बघितलं. आणखी तीन आडवे. अकरातून तीन, मग चार, मग तीन.

एकच उभा होता… पांढऱ्या मिशांचा सेनापती.

आता सांगा, तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? टेबल उधळून दिलं असतं? तिला ते धाडस होईना. हातात ब्रश असलेल्या बाईला जे सुचेल तेच तिला सुचलं. तिनं विचार केला, चेहराच बाबांचा राहिला नाही तर?

शुक्रवारी काका झोपले असताना तिनं सेनापती उचलला. डाव चालू असताना. दिव्याखाली भिंग लावून बसली. मिशा घालवल्या. आठी घालवली. काळे केस, साधा गव्हाळ रंग, कोणाचाच नाही असा चेहरा. रंग वाळल्यावर धुळीतल्या गोल खुणेवर त्याला बरोबर परत उभं केलं. त्या रात्री ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

शनिवारी मी रजा टाकून गेले. पावणेचारला आम्ही तिघं मागच्या खोलीत होतो. काका खुर्चीत बसले, चष्मा पुसला, वाकून टेबलाकडे पाहिलं.

आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कोणी केलं?"

"मी, बाबा," ताई म्हणाली. "आता तो तुम्ही नाही. कोणीच नाही तो."

"कोणीच नाही?" काकांचा आवाज चिरका झाला. "डोळे फुटले का तुझे? नीट बघ!"

ताईनं भिंग उचललं. मीही तिच्या खांद्यावरून वाकले.

काळे केस. गव्हाळ रंग. आणि हनुवटीवर डाव्या बाजूला… एक तीळ.

ताईच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे.

"हा तीळ मी काढला नाही," ती कुजबुजली. "शप्पथ. मी नाही काढला."

मला विचाराल तर, माणसाला आपलाच चेहरा सगळ्यात पाठ असतो. हात आपोआप तिकडे वळला असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. पण तो तीळ? तीळ कुठून आला?

काकांनी सेनापतीकडे हात नेला. तेवढ्यात चार वाजले.

खुळुक…

झाकण माझ्यापासून हातभर लांब होतं. त्याला कोणी शिवलं नव्हतं. आत फासे हलत होते. मी पाहिलं हो, पाहिलं! कोणीतरी झाकण धरून खुळखुळवावं तसे. ताईनं माझा दंड पकडला. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, आणि ती म्हणत होती, "मला कसंतरी होतंय… मला कसंतरी होतंय…"

खुळुक… खुळुक…

"थांब!" काका ओरडले. "मास्तर, थांब! मी डाव सोडला! हरलो मी. ऐकतोयस ना? हरलो!"

बारा वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. फासे तिथल्या तिथे थांबले.

काकांनी उजवा हात टेबलावरून पुढे केला. डाव संपला की हात मिळवतात ना, तसा. हात रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं अधांतरी राहिला. आणि मग… त्यांची बोटं दबली. माझ्यासमोर. कोणीतरी घट्ट धरल्यासारखी.

"सोड रे आता," काका थोड्या वेळानं हळूच म्हणाले. "दुखतंय."

हात खाली आला. मी लगेच बघितला. मागच्या बाजूला चार पांढरे वळ, बोटांचे. माझ्या हातांखालून हजार माणसं गेली आहेत. बोटांचे वळ मला ओळखता येतात.

ताईला घाम फुटला, पण तिला बरं वाटू लागलं. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सुटलो एकदाचे, असं वाटलं. भानावर आलो तेव्हा काका त्यांचे सैनिक एकेक करून फोमच्या खाचांत बसवत होते, बॉक्समध्ये.

"राहू द्या बाबा, मी आवरते," ताई म्हणाली.

"आवरत नाहीये. भरतोय."

"भरताय? कुठे न्यायला?"

काका आमच्याकडे बघून हसले. फार समजूतदार हसले.

"आमचं ठरलेलं असतं ते. जो हरतो त्यानं पुढच्या शनिवारी जिंकणाऱ्याच्या घरी खेळायला जायचं."

ताईनं त्यांच्या हातातला बॉक्स ओढून घेतला.

त्याला आज सहा दिवस झाले. काकांना धाप लागत नाही. भूक चांगली आहे, झोप चांगली आहे. ताईनं कामावर रजा टाकली आहे, ती त्यांच्या उशाशी बसून असते. उद्या तीन वाजता मी त्यांना आमच्याकडे भरती करून घेणार आहे. खाट, ऑक्सिजन, मॉनिटर, सगळं सांगून ठेवलंय. आणि तो बॉक्स मी माझ्या घरी आणून कपाटात कुलूपबंद केलाय. सैनिकच नसतील तर जातील कसे, असा माझा बापडीचा हिशेब.

आज सकाळी काकांचा फोन आला. मी म्हटलं, बॉक्ससाठी ओरडणार.

"बॉक्स राहू दे तुझ्याकडे," काका म्हणाले. "मास्तरानं माझ्यासाठी तिकडे नवी पलटण आणून ठेवली आहे म्हणे. चिकटवून तयार आहे सगळी."

"बरं," म्हटलं.

"फक्त रंगवायची राहिली आहे."

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"तिला यातलं काही सांगू नकोस," काका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज कापत होता. "मी गेल्यावर तिकडे बघतो काय ते. त्याला समजावतो. पण तू उद्या तिच्याजवळून हलू नकोस."

मी ताईला अजून काही सांगितलेलं नाही. दुपारी तिच्याकडे गेले होते. काका झोपले होते, आणि ती खिडकीशी बसून तिचे ब्रश धूत होती. सगळे, एकूण एक. कशाला काढलेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही गं, सहज हाताला लागले.

उद्या शनिवार आहे.