मिशी आणि चष्मा

वर्गाच्या दारातच ती त्याच्यावर आदळली आणि त्याच्या हातातला स्क्रूंचा डबा जमिनीवर पालथा झाला. तो खाली वाकून स्क्रू वेचता वेचता बहुधा माफी मागत होता. बहुधा, कारण तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणीच्या एका तापात कान गेले, तेव्हापासून ती लोकांचं बोलणं ओठांवरून वाचायची. आणि याच्या ओठांवर तर ही भलीमोठी मिशी!

"वर बघून बोला," ती फणकारली. "आणि त्या झुडपामागून मला काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी तोच इसम फळ्यासमोर उभा. शिलाई मशीन दुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गाचे नवे सर! आणि मिशी... गायब. काही सांगायच्या आधी तो तिच्या बाकावर दोनदा टकटक करायचा. हाताला थरथर कळली की ती वर बघायची, मग तो तिच्याकडे तोंड करून बोलायचा. दिवसभर मावशीच्या टेलरिंगच्या दुकानात राबून आलेली ती त्या टकटकीची वाट बघू लागली. मशीनचं काय व्हायचं ते होवो.

मग तो मेला चष्मा आला.

समोरचा बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटतात, असा स्मार्ट चष्मा. संस्थेने खास तिच्यासाठी घेतला. प्राचार्यांनी भाषण ठोकलं, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे बघायची कुणाला गरजच उरली नाही! शेजारीण पिशवीत तोंड घालून बोलायची. सर फळ्याशी बोलायचे. टकटक बंद. अक्षरं मात्र इमानेइतबारे सरकत होती : 'बॉबिन काढा. दोऱ्याचा ताण बघा.'

काही दिवसांनी सरांच्या ओठांवर पुन्हा काळी रेघ दिसू लागली, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग सुटल्यावर चष्मा काढून ती त्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मिशी वाढवताय?"

"अं... हो. आता चष्मा आहे ना. एक शब्द चुकत नाही म्हणे."

"शब्द येतात हो सगळे! पण हसून म्हटले की वैतागून, ते कोण सांगणार?"

"मला वाटलं, तुमचा त्रास वाचला..."

"माझा नाही, तुमचा वाचला. मान वळवायचा!"

तो ओशाळला. "मग नका घालू तो."

"का म्हणून? चांगला उपयोगाचा आहे. मागच्या बाकावरचे काय कुजबुजतात, ते जन्मात पहिल्यांदा कळलं मला."

"काय... कुजबुजतात?"

"की सरांनी मिशी कुणासाठी काढली, ते अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे. मला सोडून!" तिने त्याच्या ओठांकडे बोट रोखलं. "आणि मला कळतंय न कळतंय तोच — ही परत उगवली! लाज नाही वाटत?"

उत्तर वाचायला ती थांबलीच नाही. घरी जाताना तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता. उद्यापासून वर्गाला जाणार नाही, असं तिने मावशीला सांगूनही टाकलं.

तरी गेली. स्क्रू ड्रायव्हर तिथे राहिला होता, म्हणून.

बाकावर दोनदा टकटक झाली. तिने मुद्दाम सावकाश वर पाहिलं. मिशी साफ. घाईत ओठाच्या वर कापलंही होतं. सगळ्या वर्गादेखत तो तिच्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाला... पण काच कोरीच. मागचे बाक कान टवकारून बसले होते, त्यांच्याही पदरी काही पडलेलं दिसेना. तो आवाजच काढत नव्हता! तिने चष्मा उतरवला. तो पुन्हा बोलला, नुसत्या ओठांनी.

'तुमच्यासाठीच काढली होती. जन्मभर काढत राहीन... चालेल?'

राग अजून गेला नव्हता. गाल मात्र तापले. तिनेही आवाज न काढता ओठांनीच उत्तर दिलं.

तो गोंधळून पुढे झुकला. "काय म्हणालात?"

"ओठ वाचायला शिका आता," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "होकार मी दुसऱ्यांदा देणार नाही!"