जोड दिसता कामा नये

“अहो, थांबा! ते लावू नका!”

मी एवढ्या जोरात ओरडले की हार्डवेअरच्या दुकानातले तिघेही माझ्याकडे वळले. दुकानदार, एक रंगारी, आणि तो. त्याच्या एका हातात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी होती, झाकण काढलेली. दुसरा हात काउंटरवर, टॉवेलात गुंडाळलेल्या लाकडावर. टॉवेल जरा सरकला होता आणि आतलं अक्रोड दिसत होतं – गडद, दाट रेषांचं, वर्षानुवर्षं हात फिरून तकाकलेलं. असं लाकूड आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी येतं. आणि हा माणूस त्याच्यावर चपलांचे तळ चिकटवायचा गोंद ओतायला निघाला होता!

“का?” त्यानं दचकून विचारलं.

“कारण तो चिकटेल.”

“...चिकटायलाच हवाय ना?”

“वाकडा चिकटेल. आणि मग जन्मात सुटणार नाही.”

रंगारी खो-खो हसला. नळीवाल्यानं मात्र मुकाट्यानं झाकण लावलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बुडणाऱ्याला काठावरच्या माणसानं हात दिला होता. डोळे चांगले होते. थकलेले, पण चांगले.

“तुम्हाला यातलं कळतं?”

“माझा धंदाच आहे तो. जुन्या फर्निचरची दुरुस्ती. पुढच्या गल्लीत दुकान आहे – बाबा वेताच्या खुर्च्या विणतात, लाकूडकाम माझ्याकडे.” मी टॉवेल बाजूला केला. “पण हे फर्निचर दिसत नाही.”

“रायफलचा दस्ता आहे,” तो पटकन म्हणाला. “एअर रायफलचा. नेमबाजीच्या खेळातली. बाकीची रायफल घरी कपाटात कुलूपबंद आहे, मी फक्त लाकूड सोडवून आणलंय.”

दस्ता नेमका मुठीपाशी, जिथं तो सगळ्यात बारीक होतो तिथं, तिरका फुटला होता. अजून अर्धा इंच आणि दोन तुकडे वेगळे.

“पडला?”

“पाडला.” त्यानं मान खाली घातली. “मी.”

आमच्या दुकानात येईपर्यंत सगळी हकिगत कळली. तो दातांचा डॉक्टर. लहानपणी वडील गेले, तेव्हापासून मामा-मामींकडेच वाढलेला. मामा म्हणजे इथल्या शूटिंग क्लबातले सगळ्यात जुने नेमबाज. त्यांची ही रायफल तीस वर्षांची, आणि तीस वर्षांत त्यांनी ती कुणाच्या हातात म्हणून दिली नव्हती. त्यालाही नाही. नेमबाजी शिकवली ती क्लबाच्या रायफलवर. आता मामा-मामी लेकीकडे गेले होते. जाताना किल्ली देऊन बजावलं होतं, ‘कपाट उघडायचं नाही.’

“आणि तुम्ही उघडलंत.”

“नुसता तेलाचा हात फिरवायचा होता हो. पंधराव्या वर्षापासून ती एकदा हातात धरायची होती मला.” तो थांबला. “धरली. आणि जिन्यात पाय घसरला.”

“बंदुका दुरुस्त करणारा कुणीतरी असेल ना गावात?”

“आहे. रोज संध्याकाळी मामांबरोबर पत्ते खेळतो.”

मला हसू आलं. बाबांनी वेत विणता विणता चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे – जरा जास्तच वेळ.

“मामा रविवारी दुपारी येतायत,” तो म्हणाला. “आज सोमवार. होईल?”

“होईल.”

“पण जोड दिसता कामा नये.”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तुम्ही भरलेला दात दिसतो का?”

“...समोरचा असेल तर नाही.”

“मग बसा. आणि दस्ता खांद्याला लावून दाखवा. कुठं जोर येतो ते मला बघायचंय.”

त्यानं तो तुटका दस्ता दोन्ही हातांनी सांभाळत उचलला. डावं कोपर बरगडीशी टेकवलं, गाल लाकडावर ठेवला, डोळा बारीक केला... आणि एकदम वेगळाच माणूस झाला. सगळी धांदल गळून पडली. श्वास अर्धा सोडून तो तसाच स्तब्ध. मी पेन्सिल घेऊन त्याच्या अंगठ्याजवळ खूण करायला वाकले. साबणाचा आणि लवंगेच्या तेलाचा वास आला. पेन्सिल थोडी घसरली.

“रेघ वाकडी गेली तुमची, मिस्त्रीबाई,” तो न हलता म्हणाला.

“पेन्सिलीला टोक नाहीये,” मी म्हटलं.

पेन्सिल मी सकाळीच तासली होती.

मंगळवारी संध्याकाळी, दवाखाना बंद करून तो परत आला तेव्हा मी भेगेला वाफ देत होते. आत जोडाचा जुना सरस निघाला, पिवळा, ठिसूळ. आणि त्या सरसात बसवलेली एक लाकडी खुंटी. गोल, गुळगुळीत, पेन्सिलीहून बारीक.

“हे बघा. हा दस्ता आधीही इथंच तुटलाय. कुणीतरी घरीच जोडलाय. हौशी काम आहे, पण मन लावून केलेलं.”

“शक्यच नाही. मामांनी ती कोरी घेतली होती.”

मी खुंटी पुसली. एका टोकाला बारीक आकडा कोरलेला होता – आठ.

“ही खुंटी नाही, डॉक्टर. विणकामाची सुई आहे. कापलेली.”

तो हसायलाच लागला. मामा आणि विणकामाची सुई! कारखान्यातच कुणीतरी बसवली असेल, असं म्हणून त्यानं विषय संपवला. मी सुई कागदात गुंडाळून अवजारांच्या पिशवीत ठेवून दिली.

बुधवारी मी नवी खुंटी बसवली, ताजा सरस भरला आणि जोड दाबून धरणारा शिकंजा आवळला. आणि मग... मग मी एक खोटं बोलले.

“रविवारी सकाळपर्यंत शिकंजा सोडायचा नाही,” मी सांगितलं. “रोज येऊन बघून जा हवं तर.”

सरस एका दिवसात वाळतो. शाळेतल्या पोरालाही ते माहीत असेल. पण दस्ता दिला की हा माणूस टॉवेल काखेत मारून निघून जाणार, आणि माझे दात तर ठणठणीत होते!

तो गुरुवारी आला. शुक्रवारी आला. शिकंज्याकडे मिनिटभर बघायचा आणि तासभर बसायचा. क्लबाच्या गमती सांगायचा. कुणी नेम चुकला की चष्म्याला दोष देतं, कुणी छर्ऱ्यांना नावं ठेवतं. मी पॉलिशच्या फडक्याची पुरचुंडी फिरवत ऐकायचे.

“तुम्ही का जाता तिथं?” मी एकदा विचारलं.

“दिवसभर लोक मला बघून घाबरतात. तिथं गेलं की तासभर फक्त एक काळा ठिपका असतो समोर. तो घाबरत नाही.”

“मी कुठं घाबरते?”

“नाही ना...” तो म्हणाला. बाबांना त्याच वेळी खोकला आला.

शनिवारी संध्याकाळी तो आलाच नाही. फोन आला.

“मामा आलेत. एक दिवस आधीच.” आवाज अगदी खाली गेला होता. “अजून कपाट उघडलेलं नाही. उद्या सकाळी नऊला रायफल घेऊन रेंजवर ये म्हणालेत. मित्र वाट बघतायत म्हणे.”

मी खरं बोलले असते तर दस्ता गुरुवारीच कपाटात गेला असता. मामांना कधी कळलंही नसतं. माझ्या दोन संध्याकाळच्या हावेपायी...

“सकाळी सातला या,” मी कसंबसं म्हटलं. “मी तयार ठेवते.”

तो सातला आला. दस्ता हातात घेतला, उजेडाकडे नेला, अंगठा फिरवला. जोड कुठंच सापडेना. चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

“सुंदर झालाय. पण मी सांगणार आहे त्यांना.”

“आता कशाला? दिसत नाहीये ना?”

“म्हणूनच. दिसत असता तर आपोआप कळलं असतं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “याल का बरोबर? एकट्यानं धीर होत नाही.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा वेताच्या जुडीत काहीतरी शोधत होते. “जा की,” ते मान वर न करता म्हणाले. “केलेलं काम गिऱ्हाइकाला बसलं का, ते बघून यावं.”

रेंज म्हणजे एक लांबट हॉल. एका टोकाला कागदी टार्गेटं, दुसऱ्या टोकाला टेबलं, आणि त्यामागे भिंतीलगत एक बाक. खरा खेळ त्या बाकावरच चालायचा. चहाचा थर्मास मध्ये होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसून एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक शिंपीणबाई हमरीतुमरीवर आले होते.

“दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा,” शिंपीणबाई सांगत होत्या. “एक डोळा मिटला की तोंड वाकडं होतं आणि त्याबरोबर नेमही.”

“माझा नेम चांगला आहे. मघाशी वारा आला.”

“वारा? चार भिंतींच्या आत, दहा मीटरवर?”

“पंखा चालू होता!”

“तुमच्या रायफलचं वजन कमी करा आधी. धरून धरून हात लटपटतात तुमचे.”

“वजनदारच बरी. हलकी रायफल मन मानेल तशा उड्या मारते. विचारा मामांना!”

मामा उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. ते हसत होते. भाच्याच्या हातातली रायफलची पेटी पाहून उठले, आणि त्याच्या मागे मला पाहून थबकले.

“मामा,” तो म्हणाला. एका दमात, सगळ्यांसमोर. “मी कपाट उघडलं. रायफल काढली. जिन्यात पडली आणि दस्ता मुठीपाशी तुटला. यांनी जोडलाय. दिसत नाही, पण तुटला होता.”

पोस्टमास्तरांचा कप ओठांपाशीच राहिला. तीस वर्षांत कुणी हात न लावलेली रायफल!

मामांनी पेटी उघडली. दस्त्यावरून अंगठा फिरवला – नेमका तिथं, जोडावर. त्यांना जागा शोधावी लागली नाही. मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“आतली सुई... काढलीत?”

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. मी बरोबर आणलेल्या अवजारांच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी ती उघडली, आठचा आकडा पाहिला, आणि धपकन बाकावर बसले. खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते.

“रायफल घेऊन महिना झाला नव्हता,” डोळे पुसत ते म्हणाले. “बेडरूममधल्या आरशासमोर पोज घेत होतो. गालिचा सरकला. मी वर, रायफल खाली. आणि त्याच सकाळी इथं, याच बाकावर, सगळ्यांना रायफल कशी सांभाळावी यावर व्याख्यान झोडून गेलो होतो!”

“आठवतंय!” पोस्टमास्तर ओरडले. “तासभर पकवलंत!”

“लाजेनं कुणाला सांगितलं नाही. सरस उकळला, तुझ्या मामीची सुई कापली आणि ठोकली आत. ती आजवर धाकट्या बहिणीवर संशय घेते.”

“पण मामा,” डॉक्टर म्हणाला, “मला कधीच हात लावू दिला नाहीत. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही.”

मामांचं हसू थांबलं. त्यांनी त्याचं मनगट धरून त्याला शेजारी बसवलं.

“वेड्या, अविश्वास त्या सुईवर होता. माझं कच्चं काम कधीतरी दुसऱ्याच्या हातात मोडेल आणि तो बिचारा स्वतःला दोष देत बसेल, याचीच भीती. आणि बघ, नेमकं तुझ्याच हातात...” त्यांनी दस्ता त्याच्या मांडीवर ठेवला. “घे. लाव सगळं. आज पहिला छर्रा तुझा.”

त्यानं रायफल जोडली, खांद्याला लावली, गाल टेकवला. टक्. शिंपीणबाईंनी दुर्बीण लावली. “आठ! बरा आहे. रडत असताना आठ म्हणजे फारच बरा.”

“मी रडत नाहीये,” तो म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसले.

छातीवरचा दगड उतरला होता – त्याच्या, मामांच्या. माझ्या मात्र नाही. हॉलच्या मागे हात धुवायचा नळ होता, तिथं मी गेले. थोड्या वेळानं तोही आला.

“काय झालं?”

“मलाही एक सांगायचंय,” मी नळाकडे बघत म्हटलं. “सरस एका दिवसात वाळतो. दस्ता गुरुवारीच तयार होता. मी खोटं बोलले. तुमचा जीव टांगणीला लागला तो माझ्यामुळे.”

“का बोललात?”

“कारण... शिकंजा सुटला असता तर तुम्ही यायचं थांबवलं असतं.”

झालं. बोलून गेले. कान गरम झाले. आत बाकावर पुन्हा पंखा आणि वारा सुरू झालं होतं.

“मिस्त्रीबाई,” तो सावकाश म्हणाला, “मी दिवसातून दहा वेळा काहीतरी चिकटवतो. चिकटलंय की नाही, हे मला बोटाला कळतं. तुम्ही गुरुवारी चहा आणायला आत गेलात, तेव्हा मी जोडाला हात लावून पाहिला होता.”

मी गर्रकन वळले. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? मामा येणार होते!”

“मामा ओरडले असते तर एकदाच ओरडले असते. पण तुम्ही ‘न्या आता’ म्हणाला असतात, तर शुक्रवारी संध्याकाळी मी कुठं जायचं होतं?”

मी हसले. मग तो हसला. मग दोघांनाही आवरेना, इतकं की नळ बंद करायचं भान राहिलं नाही आणि माझी ओढणी भिजली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी पोटभर श्वास घेतला.

“हे अहो-जाहो बंद करूया का?” त्यानं विचारलं.

“तू आधी.”

“तू.”

“नुसतंच तू?”

“तू... मला फार आवडतेस,” तो म्हणाला. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारा माणूस, पण हे बोलताना त्याचेच ओठ सुकले होते. “तू?”

“उद्या संध्याकाळी ये,” मी म्हटलं. “काहीही न तोडता ये.”

उद्यापर्यंत थांबणं त्याला जमलं नाही. त्याच दिवशी सहा वाजता तो दुकानाच्या दारात उभा होता, भांग नीट पाडून. बाबांनी विणत असलेली खुर्ची बाजूला सारली, शेजारचं स्टूल फडक्यानं पुसलं, आणि चहा तीन कप ठेव म्हणून मला आत पाठवलं.