कोऱ्या पिंपातला घोट

कादवाकाठ वाइनरीच्या तळघरात बाराही महिने सारखाच गारवा असे. तरीही नीलांबरी गायधनी दरवर्षी शाल विसरायची, आणि दरवर्षी विश्राम बोरस्ते स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर टाकून वर टोमणाही मारायचा.

"एवढी मोठी शास्त्रज्ञ! सगळ्या जगाच्या प्रथिनांचा हिशेब पाठ, आणि घरातून निघताना शाल आठवत नाही," तो आजही म्हणाला.

"तू आहेस ना आठवायला," नीलांबरी म्हणाली.

ऑक्टोबर छाटणी उरकली, वेली बोडक्या झाल्या, की त्या आठवड्यातल्या एका दुपारी हे तिघं इथं जमत. विश्राम या वाइनरीचा मालक, आणि वाइन बनवणाराही तोच. नीलांबरी प्रथिनांवर संशोधन करणारी. तिसरा हेमकांत दातीर, नाशिकमधला मेंदूविकारतज्ज्ञ, जो आपल्या रुग्णांना दारू सोडायला सांगून इथं यायचा आणि त्याबद्दल त्याला काडीची लाज वाटत नसे. कॉलेजच्या मेसमध्ये तिघांची गाठ पडली तेव्हा तिघांत मिळून एकच धड पेला होता. तो जाड काचेचा, काठाला टवका उडालेला पेला विश्रामनं अजून जपून ठेवला होता. कितीही उंची ग्लास समोर मांडलेले असोत, प्रत्येक बाटलीचा पहिला घोट त्या पेल्यातून, एकामागून एक तिघांनी घ्यायचा, हा नेम कधी चुकला नाही.

यंदा मात्र नुसती चंगळ नव्हती. नीलांबरीच्या बॅगेत सुरक्षिततेचा दाखला होता. आजची चव झाली की ती त्यावर सही करणार होती. मग वाइन लवकर मुरवणारं तिचं साचाप्रथिन देशभरातल्या वाइनऱ्यांना वापरायला मोकळं होणार होतं. आजवर त्याची वाइन या तिघांखेरीज कुणाच्या ओठाला लागली नव्हती.

लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवत विश्राम तयारी करत होता. तेवढ्यात नीलांबरीचा फोन वाजला. घरून तिची मुलगी केतकी बोलत होती.

"हो गं, नाचणीचं सत्त्वच दे," नीलांबरी सांगत होती. "गरम नाही ना, ते आधी बघ. मी नाही का जिभेला लावून मगच तिला भरवत?"

फोन ठेवल्यावर हेमकांत हसला. "आजीबाई, नात कशी आहे?"

"राही? खादाड आहे नुसती. तिला मामा नाही, म्हणून गेल्या महिन्यात उष्टावणही माझ्याच हातून झालं. खिरीचा पहिला चमचा मी भरवला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायला कुरकुर करते." हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला, की विश्रामनं पुढची थट्टा आवरली.

"आता ते साच्याचं मला पुन्हा एकदा समजावून सांग," हेमकांत म्हणाला. "साक्षीदार म्हणून माझीही सही आहे त्या कागदावर."

"घरी विरजण लावतात, ते पाहिलंयस ना? चमचाभर दह्यानं पातेलंभर दुधाचं दही होतं. तसंच हे. फरक एवढाच, की दह्यात जिवाणू वाढतात आणि इथं जिवंत असं काहीच नाही. इथं फक्त आकार वाढतो." तिनं टेबलावरचा रुमाल उचलून त्याला एक घडी घातली. "यीस्टमधल्या एका प्रथिनाला मी अशी घडी घातली. ते साध्या प्रथिनाला भिडलं, की त्यालाही तीच घडी पडते. मग ती दोन मिळून आणखी दोघांना घडी घालतात. आता वाइनकडे ये. नवी वाइन जिभेला ओढते, कारण द्राक्षाच्या सालीतलं तुरटद्रव्य सुटं असतं. वर्षानुवर्षं त्याचे कण एकमेकांना जुळत जातात, लांब साखळ्या होतात, आणि वाइन मऊ लागायला लागते. माझ्या घडीच्या प्रथिनावर ते कण भराभर जुळतात. दहा वर्षांचं मुरणं दोन वर्षांत होतं."

"अशीच घडी माझ्या काही रुग्णांच्या मेंदूत पडते," हेमकांत शांतपणे म्हणाला. "आणि मग मला त्यांच्या घरच्यांना बाहेर बोलावून घ्यावं लागतं."

"ते प्रथिन वेगळं. यीस्टची घडी यीस्टच्याच प्रथिनाला पडते. माणसाच्या प्रथिनाला लागत नाही."

"लागतच नाही, की सहजासहजी लागत नाही?"

नीलांबरीनं रुमालाची घडी उलगडली. "सहजासहजी लागत नाही," ती म्हणाली.

"पुरे झालं तुमचं," विश्राम म्हणाला. "वाइन वाट बघतेय."

त्यानं पहिली बाटली ओतली. बाटली तो दोन्ही हातांनी धरत होता. हेमकांतची नजर त्या हातांवर जरा जास्तच रेंगाळली, पण तो काही बोलला नाही. पेला फिरला. तिघांनी वाइन तोंडात घोळवली, गालांत फिरवली, चेहरे वाकडेतिकडे केले आणि बादलीत थुंकली. एखादा मोठा घोट गिळलाही. मग वाद सुरू झाले. कोणतं साल, कोणता मळा, पाऊस लांबला होता तेच का हे वर्ष? विश्राम एरवी नुसत्या वासावरून साल सांगायचा. आज त्याचं दोनदा चुकलं. हेमकांतनं त्याला भरपूर चिडवलं आणि विश्रामही हसला, पण त्याचं हसू फार टिकलं नाही.

शेवटच्या बाटलीचा पेला नीलांबरीकडे आला. वाइन मखमली होती. सुक्या अंजिराचा वास, जुन्या चामड्याचा वास, आणि तुरटपणाचं कुठे नाव नाही.

"ही आजची राणी," ती म्हणाली. "सर्वांत जुनी हीच. बरोबर ना?"

विश्रामनं पिशवी काढली. लेबलवर खडूनं एकच शब्द लिहिला होता: कोरं.

कोरं पिंप म्हणजे तुलनेसाठी बाजूला ठेवलेलं पिंप. साचाप्रथिनाचा थेंबही त्यात कधी पडलेला नव्हता. ती दोन वर्षांची साधी, अडाणी वाइन असायला हवी होती, कच्च्या जांभळासारखी घसा धरणारी.

"बाटली बदलली असेल," नीलांबरी म्हणाली.

"मी स्वतः भरलीय."

तिनं कोपऱ्यातला घडीदर्शक ओढला. डब्याएवढं ते यंत्र तिच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं: नमुन्यात घडी पडलेलं प्रथिन आहे का, आणि असल्यास ते कोणतं, हे ते सांगायचं. तिनं कोऱ्या वाइनचा थेंब टाकला. यंत्र म्हणालं, आहे. पण समोर उमटलेलं प्रथिन यीस्टचं नव्हतं. नीलांबरीनं ते दोनदा वाचलं. ती खुर्चीत बसली.

"काय आहे?" हेमकांतनं विचारलं.

"लाळेतलं आहे. माणसाच्या लाळेतलं. त्याच घडीनं ही वाइन मऊ केलीय."

"लाळ वाइनमध्ये कशी येईल?"

"आधी हे बघ, की घडी लाळेत कशी आली." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वाइन जिभेला ओढते ती कशामुळे? तुरटद्रव्य लाळेतल्या याच प्रथिनाला पकडतं म्हणून. आणि माझा साचा त्या तुरटद्रव्याला चिकटलेला. म्हणजे प्रत्येक घोटाला मी दोघांची गाठ घालून देत होते. जिभेवर, अगदी अंगाला अंग लावून. वर्षानुवर्षं. मी सगळी प्रथिनं तपासली रे, रक्तातली, मेंदूतली, यकृतातली. तोंडाचा विचार केला नाही. चव घेणाऱ्यांच्या तोंडाचा."

विश्राम हळूहळू पेल्याकडे पाहू लागला. त्याच्या तळाशी बोटभर वाइन उरली होती.

"हे उरतं ते मी फेकत नाही," तो म्हणाला. "ज्या पिंपाचं बूच उघडं असेल त्यात ओततो. दरवर्षी. आपल्या तिघांचा घोट नव्या वाइनला लागू दे म्हणून."

"कोऱ्यात ओतलंस?"

"त्या एकट्याला कशाला उपाशी ठेवायचं?" तो पुटपुटला. "दारूत काय टिकतंय, असं वाटलं मला."

जिवंत काही टिकत नाही, हे खरं होतं. आकाराला मरण नसतं, हे नीलांबरीनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तिघांनी आळीपाळीनं काचपट्टीवर थुंकी टाकली. यंत्रानं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. तळघरात आता गारवा नव्हता, थंडी वाजत होती.

"एक विचारतो," हेमकांत म्हणाला. "हल्ली पाणी कसं लागतं तुम्हाला?"

नीलांबरीनं चटकन विश्रामकडे पाहिलं. मग विश्राम म्हणाला, "तुरट. मी विहीर उपसून घेतली."

"मी फिल्टर बदलला," नीलांबरी म्हणाली.

"मला वाटलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळीनं होतंय." हेमकांतनं कपाळ चोळलं. तिघांनी आपापल्या घरच्या पाण्याला नाहीतर औषधाला दोष दिला होता, आणि एकमेकांना चकार शब्द सांगितला नव्हता. "विश्राम, तुझा हात कधीपासून थरथरतोय?"

"पावसाळ्यापासून. आणि नावं आठवत नाहीत. वासाला नाव सुचत नाही." विश्रामनं मान खाली घातली. "हे वरपर्यंत जातं का रे?"

"जिभेच्या नसा थेट मेंदूच्या बुडाशी जातात," हेमकांत म्हणाला. त्यापुढे तो खोटं बोलला नाही आणि खरंही बोलला नाही. त्यानं मित्राचा थरथरता हात आपल्या हातात घेतला.

विश्रामनं मान वर केली. "एक बरं झालं. बाहेर कुणी प्यायलेलं नाही. पिंपं उद्याच जाळून टाकू. आपल्या तिघांवर थांबलं."

नीलांबरीच्या डोळ्यांसमोर मात्र एक छोटा चांदीचा चमचा आला. सत्त्व गरम आहे का, म्हणून आधी स्वतःच्या जिभेला लावलेला, मग राहीच्या ओठांशी नेलेला. रोज.

"हेमकांत," ती म्हणाली, "आपल्याला हे व्हायला वर्षं लागली ना? मग माझ्या उष्ट्यातून कुणाला गेलं असलं, तरी त्यालाही वर्षं लागतील. मध्ये वेळ आहे. मी औषध शोधेन. बाळाला वेळ आहे ना रे?"

हेमकांतनं विश्रामचा हात सोडला आणि तो तिच्याकडे वळला.

"वर्षं लागतात ती यीस्टपासून माणसापर्यंत यायला," तो म्हणाला. "परक्या प्रथिनाची घडी लवकर बसत नाही. पण एकदा बसली, की ती माणसाच्या प्रथिनाची घडी होते. मग माणसाकडून माणसाकडे जायला अडवणारं काही नसतं. नीलू, पुढच्याला आठवडे पुरतात."

टेबलावरचा फोन वाजला. केतकी. नीलांबरीनं फोन उचलला.

"आई, कामात आहेस का? घाबरू नकोस, काही विशेष नाही. राही सकाळपासून काही पोटात जाऊच देत नाहीये. ताप नाही, रडत नाही, छान खेळतेय. पण पाणी दिलं की तोंडात धरून ठेवते, घोळवते, चेहरा वाकडा करते आणि थुंकून टाकते. अगदी तू वाइन चाखताना करतेस तशी गं! आम्ही हसून हसून दमलो."

नीलांबरीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"आणि ऐक ना," केतकी म्हणाली, "तिच्या वाटीतलं उरलेलं मीच संपवते ना रोज, तर दोन दिवस झाले, मलाही पाणी तुरट लागतंय. तो फिल्टर पुन्हा बदलायला हवा का?"