वालाच्या बियाण्याला धूर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय. पण हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या श्रावणात, भर दुपारी, वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत.

डोंगराला भेग पडल्यापासून दर पावसाळ्यात आम्हाला खाली शाळेत हलवतात. ओल्या सतरंज्या, रोजची खिचडी, पोरांची किरकिर. तोवर दरड काही कधी आली नव्हती. आम्हीच आपले खाली-वर करायचो.

पण भात कापल्यावर पेरायचं वालाचं बी वरच राहतं, चुलीवर टांगलेलं. पावसात त्याला धूर मिळाला नाही तर बुरशी धरते. म्हणून कोणी ना कोणी चोरून वर जातं आणि चूल पेटवतं.

त्या दुपारी माझी बायको ललिता म्हणाली, "नवसूकाका दिसत नाय कुठं. त्यांच्या घरातून धूर येतोय बघा."

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. म्हातारा वर एकटा. शिव्या घालतच मी चढलो.

वाडीत शुकशुकाट. बेडूकसुद्धा गप्प...

काका ओट्यावर बसले होते.

"काका, चला. डोंगर खाली येईल."

"चूल पेटती हाय रे."

आतून बांगड्या वाजल्या...

मग बाईचा आवाज. "तुमी व्हा पुढं. मी चूल विझवून आलेच."

पेटती चूल सोडून आमच्यात कोणी घराबाहेर पडत नाही. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. इतका दमलो होतो मी.

"लवकर ये गो काकी," म्हणालो, आणि काकांचा हात धरून उतरायला लागलो.

ओढ्यापाशी आलो आणि मग ध्यानात आलं...

काकांची बायको, भिमीकाकी, शिमग्यातच गेली होती. मी स्वतः खांदा दिला होता.

मी काकांकडे पाहिलं. ते मागे वळून वाट बघत होते.

तेवढ्यात डोंगर कडाडला. झाडं उभीच्या उभी सरकली. घर गेलं.

जीवितहानी नाही, असं तहसीलचे साहेब फोनवर सांगत होते. बरोबरच होतं ते. बाकी सगळे शाळेतच होते.

ती काकांना वर बोलवत होती की खाली पाठवत होती, मला अजून कळत नाही. भीती वाटते.

काका धड जेवत नाहीत. मी ताट घेऊन गेलो की एकच विचारतात.

"तुझ्याशी पण बोलली ना ती?"

"हो, काका."

"मग तिच्यासाठी थांबला का नाय रे?"

मी ताट ठेवतो आणि उठतो.