शेवटचे मत

लाइनेच्या शेवटच्या पत्राला इल्मारने उत्तर दिले नव्हते. चार वर्षांपूर्वी तार्तू शहरातल्या इस्पितळातून आलेले, पेन्सिलीने लिहिलेले ते पत्र. ‘माझे ओळखपत्र कपाटात आहे, पिन लोणच्यांच्या वहीत मागच्या पानावर. संगणकावरून माझे मत मलाच दे. तुझेही. दिलेस की कळव. वॉर्ड सहा, खिडकीजवळची खाट.’

गावची शाळा बंद पडू नये म्हणून लाइने, त्याची बायको, निवडणुकीला उभी होती. चाळीस वर्षे ती त्याच्या वतीने बोलत आली होती. दुकानात, डॉक्टरकडे, त्याच्या आईच्या मयतीलासुद्धा. एकदा तरी तिला गप्प झालेले पाहावे, असे त्याला वाटले. दोन्ही मते त्याने तिच्या विरोधकाला दिली.

लाइने एका मताने पडली. निकालाच्या तिसऱ्या दिवशी गेली. शाळेत आता लाकूड रचून ठेवतात.

यंदा पुन्हा निवडणूक आली. शुक्रवारी दुपारी काळा पाव आणि हेरिंग मासा खाऊन त्याने ओळखपत्र संगणकाला जोडलेल्या यंत्रात सरकवले, पिन दाबला, एका मधमाश्या पाळणाऱ्याला मत दिले. मग नेहमीप्रमाणे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या चौकोनासमोर फोन धरला. मत कुणाला पोचले ते फोन दाखवतो.

फोनवर इल्मारचेच नाव होते. पक्षाच्या जागी लिहिले होते: वॉर्ड सहा, खिडकीजवळची खाट.

तो निवडणुकीला उभाच नव्हता.

चष्मा पुसून त्याने पुन्हा मत दिले. कितीदाही देता येते; शेवटचे तेवढे धरतात. पुन्हा तेच नाव. शनिवारी संध्याकाळी संगणकावरचे मतदान बंद होईपर्यंत अकरा वेळा. खोलीत पेन्सिल तासल्याचा वास येत होता.

रविवारी तो सभागृहातल्या मतदान केंद्रावर गेला. कागदावर मत दिले की संगणकावरचे रद्द होते. टेबलाशी त्याची जुनी विद्यार्थिनी मारेत बसली होती.

“काय मास्तर, संगणकावरचा विश्वास उडाला वाटतं?”

“कागदच बरा.”

“पण कागद एकदाच मिळतो हो.” तिने यादी त्याच्याकडे फिरवली. “सकाळी नऊलाच देऊन गेलात की.”

“मी आत्ता येतोय.”

“मग ही सही काय माझ्या आजीची?”

सही त्याच्याच नावाची होती. पेन्सिलीने केलेली. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली, लाइने ओढायची तशी.

“हे रद्द कर, मारेत.”

“कागदावरचं आता कोण रद्द करणार? तेच शेवटचं.” ती हसली. “एवढे घाबरताय काय? तुम्ही थोडेच निवडून येणार आहात?”

घरी येऊन त्याने पत्र लिहिले. ‘लाइने, दोन्ही मते तुझ्या विरोधकाला दिली. मुद्दाम.’

चौकातल्या नारिंगी टपालपेटीत पाकीट टाकले. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्याला आठवले. पाठवणाऱ्याच्या जागी, स्वतःच्या नावाखाली, त्याने वॉर्ड सहाचाच पत्ता लिहिला होता.