छपरातून आलेला हमदुल्ला

"तुम्हाला भुताच्या गोष्टी ऐकायची हौस, आणि घसा माझा सुकवायचा!" शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये म्हातारा हमदुल्ला खेकसला. पण नात कुबरा हटेना, तेव्हा सांगू लागला.

साल चौसष्ट. शारजात लाँची बांधणारे दोघे रत्नागिरीकर, हमदुल्ला आणि यूनुस, एका खोलीत राहायचे. जाड भिंती, वर खजुरीच्या झावळ्या. त्या दुपारी पाणी संपलं. हमदुल्लानं रंगानं 'ह' काढलेला आपला डबा उचलला.

"वारा चढतोय. तीन हाका आल्याशिवाय दार उघडू नको."

गावची रीतच होती ती. माणूस तीनदा हाक मारतो. ते दुसरं, एकदाच.

विहिरीवर डबा भरला आणि आभाळच खाली आलं. भर दुपारी काळोख. नाकातोंडात वाळू, जळक्या मातीचा वास. डबा कुठं उडाला कळलं नाही. भिंती चाचपत तो दारापर्यंत पोचला.

"यूनुस! यूनुस! अरे यूनुस!"

"कोण…?"

"तुझा बाप! हमदुल्ला! उघड!"

आतून मग यूनुसचा दबका आवाज, शेजारच्याला विचारावं तसा. "हमदुल्ला… हा बाहेर कोण रे?"

उत्तर आलं. हमदुल्लाच्याच आवाजात, तसंच खेकसून.

"उघडू नको…"

वाळू कमरेला लागली. दार गाडलं गेलं. भिंतीशी साचलेल्या ढिगावर तो गुडघ्यांनी चढला, झावळ्या फाडल्या आणि आत कोसळला.

कंदील जळत होता. चहाचे दोन पेले. यूनुस एकटाच, भिंतीला चिकटलेला.

"तू… तू आत्ता इथं बसला होतास."

"त्याला आत घेतलंस, तेव्हा किती हाका ऐकल्यास?"

"एक…"

कोपऱ्यात 'ह' काढलेला डबा होता. काठोकाठ भरलेला, पाण्यात वाळूचा कण नाही.

वादळ दोन दिवस थांबलं नाही. दोघे तेच पाणी प्यायले, म्हणून जगले. यूनुस हातात करवत धरून हमदुल्लाकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार उकरलं. यूनुस निघाला तो थेट गावी. तिथं मोहल्ल्यात सांगत सुटला, छपरातून आला तो हमदुल्ला नव्हेच.

कुबरा जरा मागं सरकली. "देन… विच वन आर यू, दादाजान?"

 शेजारचा पाण्याचा पेला म्हाताऱ्यानं उचलला, आणि न पिताच ठेवला.

"हेच, हेच! साठ वर्षं माझीच माणसं माझ्याकडे अशी बघतात. एका हाकेला दार उघडलं त्यानं, आणि माफी मागायची सोडून मलाच भूत ठरवलं… खलास. आता विचारायचं तर त्याला विचार. त्या यूनुसला."