उरलेली एक सुपारी

बालवाचकहो, किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य म्हणजे काय, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत सांगितलेले असते. त्या एका ओळीपायी दिवेआगर येथे एक माणूस कसे एकटे पडले व तीन मुलांनी त्यास कसे परत आणले, तो वृत्तांत मी यथामती निवेदन करीत आहे.

अकरावीतली निवेदिता व तिचा धाकटा भाऊ देवव्रत मे महिन्याच्या सुटीत अलिबागहून भाऊकाकांच्या वाडीत आले, तेव्हा काकांबरोबर राहणारी त्यांची बहीण, प्रमोदिनी आत्या, घरी नव्हती. ती पुण्यास मैत्रिणीकडे गेली आहे, असे भाऊकाकांनी सांगितले. आत्यावाचून ते घर मुलांना ओकेबोके वाटू लागले. शेजारची प्राप्ती आली, तेव्हा कुठे लगोरीचा डाव मांडला गेला.

चिंध्यांचा चेंडू वारंवार वाडीच्या टोकाच्या गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, पलीकडे जाई. तेथे एक खोपटे होते व तिकडे जाण्यास मुलांना मनाई होती. नवल असे की, थोड्या वेळाने चेंडू गडग्याच्या दगडावर येऊन बसलेला दिसे, माती पुसलेला. एकदा तर त्याची उसवलेली शिवणही कोणी घालून दिली होती.

"तुमच्याकडची भुतं शिवणकाम बरं करतात," प्राप्ती म्हणाली.

निवेदिता हसली नाही. तसला टाका तिच्या लहानपणीच्या दुलईवर होता. "हा आत्याचा हात आहे," ती म्हणाली.

तिघेही गडगा चढून गेली. खोपटाच्या पायरीवर आत्या बसली होती. समोर धुतलेले ताट, तांब्या आणि वादळातून वाचलेल्या चार पोफळी. याखेरीज तिच्या सोबतीस कोणी नव्हते. मुलांना पाहताच ती लगबगीने मागे सरली. "तिथेच थांब, निवे. जवळ येऊ नकोस."

मग दुरूनच तिने सारे सांगितले. गळ्यातील ग्रंथीच्या विकारासाठी शिमग्याच्या आधी मुंबईच्या इस्पितळात तिला किरणोत्सारी आयोडीन दिले होते. काही दिवस वेगळे राहावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते दिवस केव्हाच सरले, परंतु घरातून बोलावणे आले नाही.

निवेदिता तडक खळ्यात गेली. भाऊकाका सुपारी सोलत होते. ते रागावले नाहीत. खाली मान घालूनच म्हणाले, "सुतक असतं तर ठरल्या दिवशी फिटतं. याला तो दिवसच नाही. निम्मं उरतं, मग त्याचं निम्मं, पण शून्य कधीच होत नाही. दिवाळीत पडवीवर बसून तूच घोकत होतीस ना? घरात मुक्कामाला पर्यटक उतरतात, त्यांची लेकरं असतात. मी काय करायचं?"

वाक्य निवेदितेचेच होते, आणि ते खोटेही नव्हते. ती दुपार तिने विहिरीच्या काठावर एकटीने काढली. आत्याला तिकडे आपणच बसवले, हा विचार तिला सोडीना.

उन्हे कलताना ती उठली. तिघांनी मिळून खळ्यात एक हजार चोवीस सुपाऱ्यांचा ढीग केला.

"ही औषध घेतलं त्या दिवशीची आत्या," निवेदिता म्हणाली. "या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस. दर आठ दिवसांनी निम्म्या उचलायच्या."

देवव्रत पाटीत सुपाऱ्या भरू लागला. पाचशे बारा उरल्या. मग दोनशे छप्पन्न. प्राप्ती मोठ्याने मोजत होती. औषध घेतल्याला ऐंशी दिवस झाले होते; त्यांचे दहा वेळा निम्मे झाले आणि खळ्यात एकच सुपारी राहिली.

"भाऊकाका, शून्य नाही झालं, हे खरं. पण उरलं किती, तेही बघा ना. शिवाय अंगातून बाहेर पडलेलं मी धरलंच नाही."

भाऊकाकांनी ती सुपारी उचलून खिशात टाकली. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी शिमग्यानंतर लगेच घरात यायला हवे होते, एवढे दिवस कोणी विचारले का नाही, असे डॉक्टरांनी खडसावून विचारले.

नंतर भाऊकाका स्वतः गडग्यापाशी गेले. "प्रमोदिनी, चल घरी. मी चुकलो. निवेदितेला पुस्तक कळलं, मला नुसतं ऐकू आलं होतं."

त्या सायंकाळी आत्या ताट घेऊन दाराच्या उंबऱ्याशीच बसली, सवय जाईना. भाऊकाकांनी ती सुपारी अडकित्त्याने फोडली, अर्धी आपल्या तोंडात टाकली व अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्याचे ताट थोडे आत सरकले. मुले अलिबागेस निघाली, तेव्हा ते देवव्रताच्या ताटाशेजारी होते.

ही कथा आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
रामचंद्र धर्मा म्हात्रे, रेवदंडा